दुसरा घास

"नाक दाबून?" सिस्टरने विचारलं. "म्हणजे नक्की कसं?"

समोरच्या बाईने मांडीवरच्या मुलाची टोपी उगाच सारखी केली. ती घरी शिवणकाम करायची. बाहीला अजून एक पांढरा दोरा चिकटलेला होता.

"म्हणजे... हे असं, जरासंच. श्वास घ्यायला तोंड उघडतो ना, तेवढ्यात चमचा आत."

"आणि ठसका लागला म्हणजे?"

"एकदाच लागला होता."

"एकदाच पुरतो." सिस्टरचा आवाज चढला नव्हता, पण बाकांवरच्या बायांची कुजबुज थांबली. "अहो, तो काय बाटली आहे, बूच काढलं की ओतायचं? आज पोटात जाईल. उद्या तुमचा हात दिसला की तोंड फिरवेल. आईच्याच हाताची भीती बसली तर त्या जिवाने जायचं कुणाकडे?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. शिवणकाम करणारीचे कान लाल झाले. "नाही करणार परत," असं पुटपुटून ती मुलाला उचलून निघाली. गडबडीत पिशवी तिथेच राहिली. सिस्टरने हाक मारून ती दिली. घेताना बाईने मान वर केली नाही.

आपण जास्त बोललो असं सिस्टरला तेव्हा वाटलं नाही. लहान मुलांच्या या दवाखान्यात दर आठवड्याला बाकांसमोर उभी राहून ती हेच सांगत असे. नवा पदार्थ मुलाच्या ओळखीचा व्हायला वेळ लागतो. नुसता समोर ठेवा. बघू दे, हात लावू दे, फेकू दे. तुम्ही स्वतः खा. त्याने खाल्लं नाही तर ताट उचला आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका. ती हे मनापासून सांगे, कारण ते खरं होतं. तिने ते वाचलं होतं आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत घडताना पाहिलंही होतं.

तिचं दुसरं कौतुक होतं ते हाताचं. औषधाचे थेंब पाजायचे तर तिनेच. अंगठा एका गालावर, मधलं बोट दुसऱ्या गालावर, तळहात हनुवटीखाली. गाल आत दाबले की ओठ पुढे येतात आणि तोंड माशासारखं उघडतं. थेंब टाकायचे, हनुवटी वर धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने गळ्यावरून हलकेच खाली कुरवाळायचं. गिळणं आपोआप होतं. त्याला मुलाची परवानगी लागत नाही. मूल रडायचं ठरवतं तोवर काम झालेलं असतं. डॉक्टर नव्या मुलींना मुद्दाम तिच्या शेजारी उभं करत. आणि सिस्टर प्रत्येकीला बजावे, "ही पकड औषधापुरती. घरी भाचरांना भरवताना वापरलीत तर बघा."

गर्दी ओसरल्यावर आबा भिंगरीला घेऊन आले. आबा म्हणजे सिस्टरचे सासरे, बसचे निवृत्त कंडक्टर. भिंगरी तिची अडीच वर्षांची मुलगी. ती सरळ कधी चालतच नसे, स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जाई, म्हणून तिला घरात दुसरं नावच उरलं नव्हतं. गिरक्या घेतच ती वजनकाट्यावर चढली.

काटा गेल्या वेळी होता तिथेच थांबला. सिस्टरने तिला उतरवलं, काटा शून्यावर आहे ना ते बघितलं आणि पुन्हा चढवलं. काटा पुन्हा तिथेच.

"खाते काय ही?" डॉक्टरांनी आबांना विचारलं.

"पांढऱ्या पक्षाची आहे," आबा म्हणाले. "भात, दूध, केळं, बटाटा. रंगीत उमेदवाराला मत नाही."

डॉक्टर मोठ्याने हसल्या. औषधं देणारा कंपाउंडर खिडकीतून डोकावून हसला. "अहो सिस्टर, बाहेर एवढं झकास व्याख्यान देता, ते कधीतरी घरी पण द्या की!"

सिस्टरही हसली. हसताना तिला जाणवलं की आपले कान गरम झालेत.

*

खरं तर ती घरी सगळं नेमाने करत होती. रोज संध्याकाळी भिंगरीच्या ताटात भाताशेजारी उकडलेल्या गाजराचा एक तुकडा असे. भिंगरी तो दोन बोटांनी उचलून ताटाबाहेर ठेवी, आपल्या सीटवर कुणीतरी ठेवलेलं सामान बाजूला सरकवावं तशी. आबा म्हणत, "रोज प्रदर्शन भरवतेस तू. तिकीट लाव, चार पैसे सुटतील." सिस्टर तुकडा उचले आणि चेहऱ्यावर काही दाखवत नसे.

त्या संध्याकाळी आबा पाय मोकळे करायला बाहेर पडले होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी परगावी गेला होता. घरात दोघीच होत्या. सिस्टरने गाजर मऊ उकडलं, चाळणीतून गाळलं आणि भातात कालवलं. भात किंचित पिवळसर दिसत होता. दिव्यामुळे दिसतो असं समजायला हरकत नव्हती.

भिंगरीने वाटीला नाक लावलं. "भात नाय."

"भातच आहे, राणी. बघ, आई खाते."

"नाय. घाण."

"एक घास. फक्त एक."

भिंगरीने ओठ आत ओढून घेतले, तोंड जणू पुसूनच टाकलं, आणि वाटी ढकलली. भाताचा गोळा सिस्टरच्या मांडीवर पडला. तिने तो उचलला. उचलताना तिला काटा दिसला, हलत नसलेला, आणि खिडकीतून डोकावलेला कंपाउंडर.

मग तिचा हात उठला.

तो रागाने उठला नव्हता, हे तिला नंतर सारखं आठवत राहिलं. मारायला उठलेला हात तिने ओळखला असता, आवरला असता. हा कामावरचा हात होता. अंगठा एका गालावर, मधलं बोट दुसऱ्या. तोंड उघडलं. चमचा गेला. हनुवटी वर, गळ्यावरून बोट खाली. घास उतरलेला बोटाखाली कळला.

भिंगरी रडली नाही. डोळे मोठे करून आईकडे बघत राहिली. दवाखान्यातली मुलंही अशीच बघत, पण त्यांच्या नजरेला टेकायला शेजारी त्यांची आई असे.

पहिला घास सवयीने गेला असं म्हणता आलं असतं. पण त्यानंतर मध्ये थोडा वेळ होता. चमचा वाटीत गेला, भरला, वाटीच्या कडेला घासून खालून साफ झाला. तेवढ्या वेळात तिला सगळं कळलं होतं. आणि तरी तिने पुन्हा गाल दाबले. "गिळ," ती म्हणाली. "गिळ म्हणते ना."

वाटी रिकामी झाली. रिकामी वाटी बघून तिला बरंही वाटलं.

म्हणून नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आज गाजर खाल्लं तिने. वाटीभर."

"काय सांगतेस! वाघीण माझी ती!"

आबा परतले आणि त्यांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या. "गाजर पास! चला, पुढच्या स्टॉपवर वाटाणा!" भिंगरी धावत जाऊन त्यांच्या पायांमागे उभी राहिली. एरवी ती आईकडून आबांकडे गिरक्या घेत जाई. आज सरळ गेली.

*

दुसऱ्या दिवशी सिस्टरने निव्वळ भात कालवला. पांढराशुभ्र, भिंगरीला आवडतो तसा. भिंगरीने वास घेतला आणि तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. भात आता विश्वासाचा राहिला नव्हता. केळं ती खाई, पण स्वतः सोललेलं किंवा आबांनी समोर सोललेलं. आईने नाक पुसायला रुमाल पुढे केला की दात घट्ट आवळून घेई. झोपताना गालावरून हात फिरवायला गेलं तर उशीत तोंड खुपसे.

हे सगळं सिस्टरने बाकांवरच्या बायांना सांगितलं होतं. अगदी याच क्रमाने.

आबांच्या हातून मात्र भात चाले. ते ताट मांडीवर घेऊन बसत. "मागे जागा आहे, मागे सरका! हा घास ड्रायव्हरचा... हा म्हातारीचा, तिला आधी बसू द्या... दार लागतंय, हात आत घ्या!" भिंगरी खदखदून हसे आणि हसताना घास आत जाई. सिस्टर स्वयंपाकघरातून ऐके. एकदा आबांनी तिला हाक मारली, "ये ना, बस की इथे." ती आली, तशी भिंगरीने तोंडातला घास गालात धरून ठेवला आणि ती परत जाईपर्यंत चावला नाही.

रविवारी नणंद आली, कडेवर तिचा मुलगा. बसायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, दादा फोनवर नुसतं गाजर-गाजर करत होता. काय जादू केलीस सांग बाई मला. आमचे हे साहेब बिस्किटांवर जगतायत."

"काही नाही गं," सिस्टर म्हणाली. "चहा टाकते."

"लपवतेस का? बाहेरच्या बायकांना फुकट सांगतेस आणि घरच्यांना फी लावणार वाटतं?"

सिस्टर कप घेऊन बाहेर आली तेव्हा भिंगरी खेळण्यातली वाटी आणि चमचा घेऊन आबांसमोर गुडघ्यांवर उभी होती. चमचा रिकामाच होता. "आबा, जेव."

"पोट भरलंय माझं," आबा म्हणाले आणि गंमत म्हणून त्यांनी ओठ मिटले.

भिंगरीने चमचा दुसऱ्या हातात घेतला. अंगठा आबांच्या एका गालावर ठेवला, बोटं दुसऱ्या गालावर, आणि दाबले. हात लहान होता, पुरत नव्हता, तरी पकड बरोबर होती. आबांचे ओठ पुढे आले. तिने चमचा आत घातला, त्यांची हनुवटी वर ढकलली आणि एका बोटाने गळ्यावरून खाली रेघ ओढली.

"गिळ," ती म्हणाली. "गिळ म्हणते ना."

आवाजसुद्धा तिचा नव्हता.

नणंद हसायला लागली. "अगं बाई! ही कुठून शिकली हे?"

आबांनी एकदाच सिस्टरकडे पाहिलं. मग त्यांनी गाल चोळले. "माझ्याकडून, आणखी कुणाकडून! रक्तदाबाची गोळी घ्यायला मी कटकट करतो ना, तर मीच म्हटलं हिला, तोंड दाबून भरव म्हाताऱ्याला. आता भोगतोय. अगं ए, कवळी निघाली असती माझी! मग गाजर कुणी खायचं, तू की मी?"

"तुम्ही पण ना, आबा," नणंद म्हणाली आणि चहा घेतला.

सिस्टर स्वयंपाकघरात परत गेली. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. थोड्या वेळाने आबा रिकामे कप घेऊन आत आले.

"माझ्या लेकीला काय ठाऊक," ते हळू आवाजात म्हणाले, "मला कसली गोळीबिळी नाही ते."

"आबा, त्या दिवशी मी..."

"मी काही विचारलंय का?" त्यांनी कप मोरीत ठेवले. पाठ फिरवूनच बोलत राहिले. "हल्ली भिंगरीला दुसऱ्याला भरवायचा नाद लागलाय. दिवसभर मलाच धरते. माझे दात विकतचे. मी किती दिवस पुरणार? संध्याकाळी तू बसत जा तिच्यासमोर."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पाण्याखाली धरलेले तिचे हात कितीतरी वेळ तसेच राहिले.

*

त्या संध्याकाळी ती भिंगरीसमोर मांडी घालून बसली, मध्ये स्वतःचं ताट. हातांचं काय करावं कळेना. ते दिसले की भिंगरी मागे सरकत होती. शेवटी तिने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसली.

"मला भरवतेस?"

भिंगरीने बराच वेळ त्या नसलेल्या हातांच्या जागेकडे बघितलं. दोन्हीकडून वाकून खात्री केली. मग केळ्याचा गोळा मुठीत घेऊन आली, आणि आईने तोंड उघडायच्या आतच गाल पकडले.

नखं लागली. गोळा मोठा होता. सिस्टरला गिळण्यातले सगळे स्नायू नावानिशी पाठ होते. आतून ते कसं असतं ते ठाऊक नव्हतं. जीभ नको म्हणून आपोआप वर उचलली जाते आणि मग तोंडात जागाच उरत नाही. नाकाने श्वास घ्यायचा असतो हे विसरायला होतं. आणि समोरचा चेहरा इतका जवळ येतो की तो कुणाचा आहे तेही नीट दिसत नाही.

"गिळ म्हणते ना."

तिने गिळलं. भिंगरीने तोंड उघडायला लावून आत वाकून पाहिलं, आणि दुसरा घास उचलला.

रोज संध्याकाळी असंच होऊ लागलं. आबा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटत नसत. काही दिवसांनी पकड सैल झाली, मग नुसतीच बोटं गालावर टेकू लागली. मग एकदा भिंगरी घास घेऊन आली, हात गालाकडे न्यायला विसरली, आणि आईचं तोंड उघडं बघून तिथेच थबकली. दाबायचं काही उरलं नव्हतं. तिने घास आईच्या तोंडात ठेवला आणि मागे जाऊन बसली.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणारी दवाखान्यात आली. ती सगळ्यांच्या मागे, भिंतीशी उभी होती. बाकावर जागा होती तरी बसली नव्हती. सिस्टर स्वतः तिच्यापाशी गेली.

"बसा ना."

"नको, बरी आहे मी."

"मागच्या वेळी मी चारचौघांत बोलले तुम्हाला," सिस्टर म्हणाली. वाक्य तिने घरी तयार केलं होतं. ते इथवरच होतं. "बोलायला नको होतं."

"छे हो! बरं झालं बोललात." बाईने मुलाच्या टोपीची गाठ सोडली. "घरी जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण तेव्हापासून नाकाला हात लावला नाही त्याच्या. तुम्ही म्हणालात तसं ठेवते नुसतं समोर. परवा वाटाणा खाल्लान. एकच, पण आपल्या हाताने!"

मुलाने दुजोरा दिल्यासारखी बोटं पुढे केली.

"माझी अजून काही खात नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या हातून तर भातही नाही."

बाई हसली. फार प्रेमाने हसली. "असू दे हो सिस्टर. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही कशाला असं बोलता? तुमची मुलगी, आणि खाणार नाही?" आणि मग ती बाकावर बसली.

त्या दिवशी सिस्टरने बाकांसमोर नेहमीचं सगळं सांगितलं, पण एकाही आईकडे बघून नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं. थेंब पाजायच्या वेळी तिने नव्या मुलीला पुढे केलं आणि स्वतः बाटल्या पुसत बसली.

*

संध्याकाळी ताटात भात होता, बटाटा होता, आणि गाजराचे तुकडे होते. गाजर तिच्या स्वतःच्या ताटात होतं. भिंगरीच्या ताटात तिने ते ठेवणं सोडून दिलं होतं. ती हातांवर बसली. भिंगरीने भाताचा एक घास आईला दिला, एक स्वतः खाल्ला. पुन्हा एक आईला, एक स्वतःला.

फोन वाजला. तो जमिनीवर ताटाशेजारीच होता. भिंगरीनेच बटण दाबलं आणि नवऱ्याचा आवाज खोलीभर झाला. "काय मग? आज काय खाल्लं आमच्या वाघिणीने? गाजर?"

"भात," सिस्टर म्हणाली.

"आणि गाजर?"

"गाजर नाही खाल्लं." ती थांबली. खुर्चीतलं वर्तमानपत्र हललं नाही. "त्या दिवशीही नव्हतं खाल्लं."

"म्हणजे? तूच तर म्हणालीस, वाटीभर..."

"तिने खाल्लं नव्हतं. मी घातलं होतं. तू घरी ये, मग सगळं सांगते."

फोनमध्ये कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला.

भिंगरीने या वेळात ताटातून गाजराचा एक तुकडा उचलला होता. तो आईकडे आणता आणता वाटेतच तिने स्वतःच्या तोंडाला लावला, नाक मुरडलं, झटकन बाहेर काढला आणि उलटसुलट करून पाहिला. मग तो ओला तुकडा आईच्या तोंडासमोर धरून ती उभी राहिली. दाबायला हात पुढे आला नाही. ती नुसती वाट बघत होती.

सिस्टरच्या मांड्यांखालच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. ते तिने काढले नाहीत. तिने तोंड उघडलं.

गाजराच्या कडेला दातांच्या दोन बारीक खुणा होत्या.